अत्तराचा अंगठा

मी एक जुना गिअर आहे. लोखंडाचा, माणसाच्या पंजाएवढा, कडेने दाते असलेला. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. माझ्या दात्यांत गंज आहे आणि पोटात राग आहे. भिवंडीच्या एका कारखान्याच्या मागच्या खिडकीत मी पडून आहे. माझ्याकडे वेळ भरपूर आहे, म्हणून सांगतो.

मला ओतले कुठे, ते मला आठवत नाही. आग आठवते आणि नंतरचे गार पाणी आठवते. पुढे मला मुंबईच्या एका गिरणीतल्या लूमवर, म्हणजे कापड विणणाऱ्या मागावर, चढवले. संपानंतर गिरणीचे लूम भंगाराच्या भावाने विकले गेले आणि ट्रकमध्ये पालथा पडून मी भिवंडीत आलो. मोहिउद्दीनशेठच्या कारखान्यात आम्हांला नव्याने उभे केले.

माझे काम कापड गुंडाळायचे. धोटा एकदा या बाजूने त्या बाजूला गेला की कापडात एक आडवा धागा पडे. त्याबरोबर एक खटका मला ढकली आणि मी एक दात पुढे सरके. तेवढेच, केसभर कापड रुळावर गुंडाळले जाई. एक धागा, एक दात. घाई नाही, उडी नाही. मला हे एवढेच येते.

कारखान्यात कोणी कोणाशी प्रेमाने बोलत नसे. बोलणार कसे? लूम चालू असताना शेजारच्याचे ऐकू येत नाही, सगळे ओरडूनच बोलतात, आणि ओरडून बोललेले प्रेमाचे शब्दही शिवीसारखे वाटतात. रुई उडून माणसांच्या भुवयांवर बसे. कापड चांगले निघाले तर म्हणत, सूत चांगले होते. कापड बिघडले तर म्हणत, हा गिअर हरामखोर आहे. चौऱ्याऐंशी साली गावावर दंगलीचे फार वाईट दिवस आले. त्याविषयी मी बोलणार नाही. ज्यांनी पाहिले त्यांना ठाऊक आहे. पुष्कळ दिवस लूम बंद होते, आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा माणसे आणखी कमी बोलू लागली.

माझी काळजी घेणारा एकच माणूस होता. दत्तू जॉबर. जॉबर म्हणजे लूम बिघडला की तो दुरुस्त करणारा. वळ गावाहून सायकलने येई. शुक्रवारी कारखाने बंद असतात, तेव्हा तो तेलाची कुपी घेऊन प्रत्येक लूमला तेल देई. मला तेल देताना तो म्हणे, "खा, मेल्या, खा. तुझ्या दातांची खरखर मला घरी झोपेत पण ऐकू येते." शिवी होती, पण तेलही होते.

आता मोहिउद्दीनशेठचे सांगतो. मोठा देह, पांढरी टोपी, उजव्या अंगठ्यावर आडवा वण. तरुणपणी स्वतः लूम चालवत असताना धोट्याने तो अंगठा चिरला होता. शेठ कापड डोळ्यांनी पाहत नसत. कापड अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून चोळत, आणि सूत कोणते, वीण किती दाट, खळ किती, ते सांगत. त्यांचे कधी चुकत नसे, हेही खरे आहे. मी कोणाचे खरे लपवणार नाही. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की शेठ घरी जाण्याआधी रिकाम्या कारखान्यात शिरत. बंद लूमवर तसेच ताणलेले कापड एकेक करून चिमटीत धरून चोळत. जुम्म्याला जाताना ते अत्तर लावत. मनगटाला, कानामागे, आणि लावता लावता अंगठ्यालाही.

एका शनिवारी कापड तपासताना आमच्या लूमच्या ताग्यावर पिवळट, तेलकट डाग निघाला. व्यापाऱ्याने तो तागा परत केला. शेठ संतापले. सगळ्या कारीगरांसमोर त्यांनी दत्तूला बोलावले.

"दत्त्या, तेलाचा हात कापडाला पुसतोस?"

दत्तूने तागा नाकाशी नेला. "शेठ, ह्यो माझ्या तेलाचा वास न्हाय. ह्यो अत्तराचा हाय. हुंगून बघा."

"काय म्हणालास?"

"हुंगून बघा म्हणलं."

"मालकाला हुंगायला सांगतो! डाग तुझा. तागा तुझ्या पगारातून कापणार."

"डाग ज्याचा, त्याचा पगार कापायचा, ही रीत मला मान्य हाय," दत्तू म्हणाला. "पण डाग माझा न्हाय."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

आणि दत्तू गेला. मित्रांनो, तो डाग पडला तेव्हा ते कापड माझ्यापासून वीतभर लांब होते. अंगठा मी पाहिला होता, वण पाहिला होता. पण लोखंडाला कोण विचारतो? दत्तू गेल्यावर मला वेळेवर तेल मिळेना. माझे दाते झिजले, लूम धागे चुकवू लागला, आणि एक दिवस शेठने लूम मोडून विकला. मी कुठल्या तरी पाट्यांमध्ये अडकलो म्हणून मागच्या अंगणातल्या भंगारात राहिलो. तिथे मांजरीने माझ्यावर पिल्ले घातली. पावसाने गंज घातला. माझ्यावर मेहेरबानी कोणी केली नाही, आणि मीही कोणाची वाट पाहिली नाही.

मग इशरत आली.

इशरत ही शेठच्या वारलेल्या भावाची मुलगी. तिची आई हबीबा हीसुद्धा वारली होती. चाचाच्या घरी वाढलेली ही मुलगी रसायनशास्त्र शिकली आणि मुंबईच्या एका मॅडमच्या हाताखाली संशोधनाला लागली. तिचे काम असे होते. सोने विरघळवायचे. मग त्याचे इतके बारीक कण करायचे की ते पाण्यात तरंगत राहतील, कधी तळाला बसणार नाहीत. मग स्वच्छ काच घ्यायची. ती एका चिकट द्रवात बुडवायची, धुवायची. मग सोन्याच्या पाण्यात बुडवायची, धुवायची. पुन्हा चिकट द्रव, पुन्हा सोने. असा एकावर एक थर चढवत जायचे. प्रत्येक थर कणभर जाडीचा, एकसारखा, कुठे फट नाही, कुठे ढीग नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिला जागा मिळेना. तिथे दिवसभर मुलांचे वर्ग चालत. तिथल्या सरांनी हात झटकले. म्हणून तिने चाचाकडे कारखान्यामागची खोली मागितली. ती खोली अंगणाला लागून आहे, तेव्हा भंगारातून मी सगळे ऐकले.

"त्या खोलीत चार लूम बसतात," शेठ म्हणाले. "तू काय बसवणार?"

"थर, चाचा. सोन्याचे."

"किती जाड?"

"एका केसाचे उभे हजारो भाग केले तर त्यातला एक."

शेठने हवेत अंगठा आणि बोट चोळले. "म्हणजे हाताला लागणार नाही."

"नाही लागणार."

"इशरत, मी चाळीस वर्षं कपडा बनवतो. जो हाताला लागत नाही तो माल नसतो. ती हवा असते. हवा बनवायला लोकांनी तुला शिकवलं?"

"चाचा, तुम्ही बघा तर."

"मी बघून काय करू? ऐक. बकरी ईद झाली की चार लूम येणार आहेत, बात पक्की झाली आहे. त्याच्या आधी तुझ्या मुंबईच्या मॅडम इथे येऊन 'माल पास' म्हणाल्या तर खोली तुझी. नापास झाला तर लगेच येणाऱ्या सोमवारी मिस्त्री येईल, आणि तू घरात बसशील. पुन्हा हवेचं नाव काढायचं नाही."

"कबूल," इशरत म्हणाली. तिचा आवाज चाचासारखाच कडक होता. त्या घरात मऊ आवाज कोणाचा नव्हता.

काच द्रवात उतरवायची तर हात हलून चालत नाही. फार सावकाश, न थरथरता ती खाली जावी लागते आणि तशीच वर यावी लागते. त्याचे परदेशी यंत्र मुंबईला होते. इशरतला ते मिळणे शक्य नव्हते. कारखान्यातला कोणी शेठला न विचारता तिच्या कामाला हात लावीना. तेव्हा ती पडघ्याला गेली. तिथे हायवेवरच्या एका ट्रकच्या गॅरेजात दत्तू काम करत होता.

दत्तू आला तो हसतच. "शेठच्या भंगारातून शेठला न विचारता माल काढायचा? इशरतबाय, ह्यासाठी मी पदरचं भाडं खर्चून येईन."

त्याने भंगारात हात घातला आणि मला बाहेर काढले. बघतच राहिला. "अरे, तू अजून जिता हायस?"

मित्रांनो, मी लोखंड आहे. मला गहिवर येत नाही. पण त्याने माझा गंज घासला तेव्हा मला बरे वाटले, एवढे सांगतो.

त्याने लाकडाची चौकट केली. मला वर बसवले. एक छोटी मोटर खटक्याला जोडली. माझ्या आसाला मजबूत सुताचा धागा गुंडाळला, धाग्याच्या टोकाला चिमटा, चिमट्यात काच. खटका एकदा पडला की मी एक दात सरके आणि काच केसभर खाली जाई. पूर्वी मी कापड गुंडाळत होतो, आता काच उतरवू लागलो. काम तेच होते. एक दात, एक दात.

दत्तूने सवयीने तेलाची कुपी काढली. इशरत ओरडली, "तेल नाही!"

"बिनतेलाचा गिअर? बाय, हे पाप हाय."

"एक थेंब पाण्यावर पडला तर सगळ्या पाण्यावर पसरेल. काच त्यातून खाली जाईल, आणि तेल लागलं तिथे सोनं बसणार नाही."

"मग हा ओरडेल."

"ओरडू दे. इथे सगळेच ओरडतात."

तिने पेन्सिलीचे शिसे कुटून माझ्या दात्यांना लावले. ते कोरडे असते, गळत नाही. तरी मी कुरकुरत असे. इशरतला ते आवडत नसे. मलाही ती फारशी आवडत नसे.

शेजारी लूम चालू असले की जमीन हादरे आणि काच हलू लागे. म्हणून आमचे काम फक्त शुक्रवारी. शुक्रवारी भिवंडीत जो शांतपणा पसरतो, तो दुसरीकडे कुठे असेल असे मला वाटत नाही. सगळ्या गावाने एकदम श्वास धरल्यासारखे होते. रुई खाली बसते. त्या शांततेत मी एकटा कुरकुरत काच उतरवी.

सोने आले हबीबाच्या बाळ्यांमधून. इशरतच्या आईच्या दोन बाळ्या, एवढेच तिच्याकडे आईचे होते. पहिली बाळी तिने तेजाबात विरघळवली. ते पाणी उकळून त्यात एक औषध घातले, आणि ते डाळिंबाच्या रसासारखे लाल झाले. मी पिवळे सोने पाहिले होते. ते इतके बारीक केले की लाल होते, हे मला तिथे कळले.

पण ते लाल पाणी एका दिवसात निळे पडले आणि मग काळे होऊन तळाला बसले. इशरतने बाटली उजेडात धरली आणि दत्तूवर तुटून पडली. "बाटली बोरिंगच्या पाण्यानं धुतली तुम्ही! किती वेळा सांगितलं, त्या पाण्यात क्षार आहेत!"

दत्तूने हात पुसले. "तुमच्या घरात डाग पडला की माझंच नाव निघतं," तो म्हणाला आणि सायकल घेऊन गेला.

बाटली तिने स्वतःच धुतली होती. केमिस्टकडचे शुद्ध पाणी संपले होते, ती घाईत होती, आणि बोरिंगचा नळ जवळ होता. पुढच्या शुक्रवारी दत्तू आला तेव्हा ती दारातच उभी होती. "दत्तूमामा, बाटली मी धुतली होती."

"म्हायती हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"बाटली धुतली त्या दिवशी मी भिवंडीतच न्हवतो. मी काय सांगणार, आणि तुम्ही काय ऐकणार?"

तिने दारातून बाजूला होऊन त्याला आत घेतले. मग म्हणाली, "आता ऐकेन." तेवढ्यावर दोघांनी कामाला सुरुवात केली. कोणी कोणाची माफी मागितली नाही. पण माझे मत तिच्याविषयी थोडे बदलले.

आता एकच बाळी उरली होती. तिचे पाणी नीट उतरले. त्याचा थोडा भाग वापरून इशरतने छोट्या काचांवर सराव केला. त्या लालसर काचा एका डबीत ठेवून तिने डबीवर कागद चिकटवला: 'हात लावू नये.' मित्रांनो, मला अक्षरे येत नव्हती. ती मी म्हातारपणी शिकलो, त्या डबीसमोर चौकटीत बसून बसून. माझ्या आयुष्यातले पहिले वाचन म्हणजे ते तीन शब्द.

शेठ एकदा त्या काचांपैकी एक उचलून चिमटीत चोळायला निघाले होते. इशरतने झडप घालून ती काढून घेतली होती. तेव्हा शेठ रागावले होते, पण त्यांनी शब्द दिला होता: "तुझ्या लाल काचेला पुन्हा हात लावणार नाही."

मग मुख्य काचेचा दिवस आला. इशरतने ती काच तेजाबात धुतली, शुद्ध पाण्यात धुतली. पाणी तिच्यावर सपाट पसरले, कुठे फाटले नाही. काच इतकी स्वच्छ झाली की ती दिसेनाशी झाली. इशरतने ती माझ्या धाग्याला टांगली आणि आणखी शुद्ध पाणी आणायला केमिस्टकडे गेली. दार नुसते लोटले होते.

जुम्म्याची नमाज सुटली होती. दार उघडले आणि आधी अत्तराचा वास आत आला, मागून शेठ. त्यांनी खोली पाहिली. डबीपाशी वाकून तो कागद वाचला. वाचून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, शाळेतल्या मुलासारखे. त्यांनी शब्द पाळला, हे मी सांगितलेच पाहिजे. मग त्यांना माझ्याखाली टांगलेली काच दिसली.

"ही तर कोरीच आहे," ते स्वतःशी म्हणाले.

आणि पाठीमागचा हात पुढे आला. अंगठा पुढून, बोट मागून. त्यांनी काच चिमटीत धरून चोळली, जशी आयुष्यभर प्रत्येक गोष्ट चोळली तशी.

"नुसती काच," ते म्हणाले आणि निघून गेले.

मी ओरडलो असतो. पण खटका पडल्याशिवाय माझा आवाज निघत नाही.

इशरत परत आली, तिने नाक वर करून हवा हुंगली. बाहेर अंगणात शेठ उभे होते. "चाचा, आत आला होतात?"

"आलो होतो. तुझ्या डबीला हात लावला नाही."

ते खरेच होते. तिने काच पुन्हा तपासली नाही. धुतलेली काच नुकतीच तिने स्वतः पाहिली होती. मोटर सुरू झाली. एक दात, एक दात, मी ती काच खाली सोडली. काच चिकट द्रवात गेली तेव्हा अंगठ्याएवढ्या जागेवरून द्रव मागे सरकला. ते वरून फक्त मला दिसले.

पहिल्या काही थरांत काहीच कळत नाही. काच जेमतेम गुलाबी होते. शुक्रवारमागून शुक्रवार थर चढत गेले आणि काच गुलाबीची लाल झाली. आणि एका शुक्रवारी इशरतने ती खिडकीत धरली. मधोमध एक फिकी जागा होती. त्या जागेत बारीक बारीक रेषा होत्या, नांगरलेल्या शेतासारख्या.

दत्तूने विचारले, "काय झालं?"

"डाग."

दत्तूने दोन्ही हात वर केले. "मी न्हाय."

"तुमचं नाव घेतलं का मी?" ती चिडून म्हणाली. "कोणाचा ते कळून तरी काय उपयोग? सोनं संपलं. मॅडम पुढच्या शुक्रवारी येणार, आणि त्यानंतर ईद."

दत्तूने काच हातात घेतली. कडेला धरून. उजेडाकडे फिरवली. त्या रेषांच्या मधून एक आडवी चीर गेलेली होती. त्याने काच परत दिली. जाताना शीळ घालत गेला.

पुढच्या शुक्रवारी तो धुतलेला शर्ट घालून आला.

मुंबईच्या मॅडम एसटीने आल्या. उतारवयाच्या, नाकाला रुमाल धरलेला, कारण कारखान्याच्या दारातली रुई त्यांच्या घशात गेली होती. शेठ नमाजेवरून थेट तिथेच आले आणि हात मागे बांधून भिंतीशी उभे राहिले. दत्तू माझ्या चौकटीजवळ.

मॅडमनी काच खिडकीत धरली. "रंग अगदी कडेपर्यंत सारखा आहे. काच उतरवायचं हे यंत्र कोणी केलं?"

"दत्तूमामांनी."

"छान केलंय. इतका सारखा थर मला आमच्या यंत्रावर पण रोज मिळत नाही." हे ऐकून शेठची मान किंचित वर झाली. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यातली स्तुती ती एवढीच. पुढच्याच वाक्याला ती संपली. "पण इशरत, हे मध्ये काय आहे?"

"डाग आहे, मॅडम."

"ते दिसतंय. हा नमुना मी पास करू शकत नाही. काम चांगलं आहे, पण माझ्या हातात डागी नमुना आहे. मोजमाप कशाचं घेऊ?"

शेठ भिंतीपासून दूर झाले.

"झालं. माल नापास. सोमवारी मिस्त्री येईल. हे सगळं उचल."

"शेठ," दत्तू म्हणाला.

"तू कोण मध्ये बोलणारा? तुला माझ्या कारखान्यात घेतला कोणी?"

"माल नापास, ते खरं हाय. पण कारखान्याची रीत हाय ना? आधी डाग कोणाचा ते बघायचं. डाग ज्याचा, त्याचं कापायचं. तुम्हीच शिकवलंय. बघा की एकदा."

शेठने रागाने हात पुढे केला. मॅडम म्हणाल्या, "कडेला धरा." शेठने कडेला धरली आणि खिडकीपाशी गेले.

लाल उजेड त्यांच्या पांढऱ्या दाढीवर पडला. सोन्याच्या थरांत एक अंगठा उमटला होता. त्याची एकेक रेष मोजता आली असती. आणि त्या रेषा तोडत आडवा गेलेला धोट्याचा वण. सगळ्या भिवंडीत तसा अंगठा एकच होता. शेठचा उजवा हात खाली होता. मी पाहिले, त्याचा अंगठा हळूच मुठीच्या आत गेला.

"मी लाल काचेला हात लावला नव्हता," शेठ म्हणाले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा हळू ऐकला. "कोरीला लावला होता. कोरीला काय होणार?"

"कोरीलाच लावायचा नसतो," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या हाताला अत्तर आहे. तेलकट असतं ते. तेवढ्या जागी पहिला थर बसला नाही, म्हणून दुसरा नाही, तिसरा नाही. वरून कितीही सोनं चढवा, खाली अंगठा तसाच राहणार."

इशरत चाचाकडे पाहत होती. त्या नजरेत माया नव्हती. "अम्मीची बाळी होती ती," ती म्हणाली. "दुसरी."

शेठने काच मॅडमच्या हातात दिली. शुक्रवार होता, बाहेर एकही लूम चालू नव्हता, त्यामुळे गप्प राहणेसुद्धा ऐकू येत होते.

"डाग माझा," शेठ म्हणाले. "पोरीचं कापायचं नाही. खोली राहू दे. लूम अंगणात पत्रे टाकून बसवतो. आणि इशरत, दाराला कुलूप लाव. माझ्यासाठीसुद्धा."

"आणि माझं?" दत्तूने विचारले.

शेठ दाराकडे वळले होते.

"शेठ, त्या ताग्याचं काय? हुंगून बघा म्हणलं होतं मी."

शेठ थांबले. मला वाटले, आता बोलतील. त्यांची पाठ मला दिसत होती, आणि पाठीवर काही लिहिलेले नसते. मग ते चपला घालून निघून गेले. दत्तूला त्यांनी उत्तर दिले नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही.

माझा राग आहे तो इथे आहे, मित्रांनो. काचेवरचा डाग त्यांनी कबूल केला, कारण तो उजेडात सगळ्यांना दिसत होता. कापडावरचा डागही त्याच अंगठ्याचा होता. पण कापडावर रेषा उमटत नाहीत, आणि म्हणून एका माणसाची रोजी गेली ती गेलीच.

दत्तू हसला मात्र. मॅडमना म्हणाला, "बाई, नापास माल कारखान्यात ठेवत न्हाईत. मला द्या."

"काय करणार तुम्ही त्याचं?"

"बघत बसेन."

मॅडमनी इशरतकडे पाहिले. इशरतने ती काच स्वच्छ कपड्यात गुंडाळून दत्तूच्या हातात ठेवली. तिने त्यात आईची बाळी घातली होती, तरी दिली.

पुढचे थोडक्यात सांगतो. मॅडमनी मुंबईहून सोन्याच्या पाण्याची एक छोटी बाटली पाठवली. दाराला कुलूप लागले. मी पुन्हा दातामागून दात सरकलो, आणि या खेपेला काच पास झाली. इशरत पुढच्या कामासाठी मुंबईला गेली. तिथे चांगले यंत्र होते, तेल न लागणारे, न कुरकुरणारे. मला ती घेऊन गेली नाही. मला वाईट वाटले का? लोखंडाला गंज चढतो, तेवढे म्हणा. तिच्यामागे त्या खोलीतही लूम आले, चौकट मोडली, आणि कोणीतरी मला खिडकीत ठेवले. खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून माझा टेकू देतात. पेन्सिलीचे शिसे अजून माझ्या दोन दात्यांत अडकलेले आहे.

वळहून कामाला येणारे कारीगर खिडकीखाली जेवायला बसतात, तेव्हा मला तिकडची खबर मिळते. दत्तूने ती लाल काच घराच्या खिडकीत बसवली आहे म्हणे. सकाळी ऊन आले की समोरच्या भिंतीवर लाल चौकोन पडतो आणि त्याच्या मधोमध अंगठा. आल्यागेल्याने विचारले, "दत्तू, ह्ये काय रं?" तर तो सांगतो, "शेठची सही हाय. कबुलीची."

मित्रांनो, तुम्ही लहान आहात आणि पुढे तुमच्या हातात पुष्कळ वस्तू येतील. त्या वापरा, पण त्यांना वेळेवर तेल द्या, आणि जिथे तेल चालत नाही तिथे ते देऊ नका. कोरे दिसेल त्याला रिकामे समजून हात लावू नका. ते कोणीतरी मेहनतीने कोरे केलेले असते, आणि त्याच्यावर पुढे काय चढायचे आहे ते तुम्हांला ठाऊक नसते. आणि कुठे डाग दिसलाच, तर जवळ उभ्या असलेल्या गरिबाचे नाव घेण्याआधी उजेडात जा, आणि आधी आपला अंगठा पाहा.